आधी पाणी, मग ताट, मग प्रश्न

अगं, आपल्याकडे पोरं कॉलेजात जातात ती पंधराव्या-सोळाव्या वर्षी, हे आधी पक्कं लक्षात घे. परदेशातले नातेवाईक कॉलेज म्हणतात तेव्हा त्यांच्यासमोर अठरा वर्षांचं, मतदानाचा हक्क आलेलं मूल असतं. आपल्या महाराष्ट्रात दहावी झाली की शाळेचा गणवेश कपाटात जातो आणि पोर थेट कनिष्ठ महाविद्यालयात. कालपर्यंत बाई जिला नावानं हाक मारत होत्या ती शंभराच्या वर मुलांच्या वर्गात एक रोल नंबर होते. त्यामुळे तुझ्या लेकीला धरून ठेवायचं की मोकळं सोडायचं, हा वाद जावईबापूंशी घालूच नकोस. एकेक काम तिच्या हातात द्यायचं आणि दिल्यावर आपण हाकेच्या अंतरावर राहायचं. एवढंच जमवायचं आहे, आणि तेच अवघड आहे.

तुझ्या ह्या मावशीनं ठाण्यात कॉलेजच्या ऑफिसात खिडकीमागे उभी हयात काढली. खिडकीपलीकडे मूल उभं असायचं आणि उत्तरं वडील द्यायचे. “तुझे विषय कोणते?” “तिचा बायो आहे, मॅडम.” मी मुद्दाम परत मुलीकडे बघूनच विचारायचे. दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला तिचा आवाज फुटायचा. तेव्हापासून प्रत्येक आईबापाला मी पहिलं हेच सांगते: खिडकीपर्यंत जा, पण मुलाच्या मागे उभे राहा.

फॉर्मही तिनंच भरायचा. २०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश अख्ख्या राज्यात एकाच ऑनलाइन पद्धतीनं होतो; आपल्या मुंबई-ठाण्याकडे तो आधीपासूनच तसा होता. दहापर्यंत कॉलेजं पसंतीच्या क्रमानं टाकता येतात. खरी गोम पहिल्या नावात आहे. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून मूल बाहेर पडतं. लोक पहिल्या ओळीत ‘लागतंय का बघू तरी’ म्हणून एखादं मोठं नाव टाकतात, ते लागतं, आणि मग घरात चर्चा सुरू होते की एवढ्या लांब रोज जायचं कसं. ती चर्चा फॉर्म भरायच्या आधी करा. आणि एक बारीक गोष्ट: ओटीपी ज्या मोबाइलवर येतो तो मोबाइल त्या वेळी घरात हवा. जावईबापूंचा नंबर दिलात आणि ते दादरला ऑफिसात मीटिंगमध्ये बसले, तर शेवटच्या दिवशी सगळ्या घराचा जीव टांगणीला लागतो. पासवर्ड तिच्या वहीत, तिच्या अक्षरात.

आता कॉलेज कुठलं. आपल्यासारख्या कळव्यात राहणाऱ्यानं हा हिशेब मार्कांच्या आधी लोकलच्या वेळापत्रकावर करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्या स्टेशनला फास्ट थांबत नाही. माटुंग्याचं रुईया किंवा पोदार नावाजलेलं खरं, पण स्लो गाडीनं जाऊन-येऊन दोन-अडीच तास, तेही सकाळच्या गर्दीत, आणि ठाण्याच्या आधी चढणाऱ्याला आत शिरायलाच जागा नसते. पंधरा वर्षांच्या पोरीनं रोज एवढी शक्ती गाडीत घालवून मग फिजिक्सचं लेक्चर ऐकायचं? पदवीला जाऊ दे की खुशाल. तोवर तिला प्रवास कळलेला असेल, अंगात बळ आलेलं असेल. अकरावी-बारावीला जवळचं बघ. चेंदणी बंदर रोडवर खाडीकाठी विद्या प्रसारक मंडळाच्या आवारात बांदोडकर आणि जोशी-बेडेकर आहे. कळवा पूल ओलांडला की आलंच. रेल्वे बंद पडली तरी पोर चालत घरी येऊ शकते. पुढे मुलुंडला वझे-केळकर, म्हणजे ठाण्यानंतरचं एकच स्टेशन. आणि एक गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे उलटी दिशा. सकाळी सगळं जग मुंबईकडे धावतं तेव्हा कल्याणकडे जाणाऱ्या गाडीत बसायलासुद्धा मिळतं. कल्याणचं बिर्ला कॉलेज काय, डोंबिवलीचं पेंढरकर काय, दोन्हीकडे स्टेशनपासून पुढे रिक्षा किंवा बस लागते, ती मात्र हिशेबात धर.

प्रवेश नक्की झाला की जावईबापूंना सांग, एक दिवस रजा काढा. कॉलेजच्या वेळेलाच, त्याच गाडीनं, लेकीबरोबर जायचं. रविवारी दुपारी रिकाम्या गाडीतून नेऊन आणलं तर ती ओळख उपयोगाची नाही. दुसऱ्या दिवशी पुढे तिनं चालायचं, प्लॅटफॉर्म तिनं शोधायचा, इंडिकेटर तिनं वाचायचा, बाबांनी फक्त मागून जायचं. तिसऱ्या दिवशी ती एकटी. मैत्रीण मिळाली तर उत्तम, पण मैत्रिणीसाठी थांबून गाडी चुकवायची नाही आणि गाडी गाठायला धावायचंही नाही.

कळव्याच्या पोरांना मी तीन गोष्टी हात धरून सांगते, तूही सांग. पहिली, कारशेडमध्ये गाडी पकडायची नाही. आपल्याकडची मोठी माणसं सकाळी रूळ ओलांडून कारशेडमध्ये उभ्या असलेल्या लोकलमध्ये जाऊन बसतात, कारण स्टेशनात आल्यावर तीच गाडी भरलेली मिळते. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथे एसी लोकल आली म्हणून लोकांनी गाडी अडवली होती, इतकी ती सवय पक्की. त्यांची अडचण मला कळते, गाड्या कमी आहेत हे खरंच आहे. पण रुळांवरून चालणं आपल्या पोरीनं शिकायचं नाही. शेजारच्या काकू जातात म्हणून तर मुळीच नाही. दुसरी गोष्ट, दारात उभं राहायचं नाही. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याच्या वळणावर दोन गाड्या एकमेकींच्या बाजूनं जाताना दारात लटकलेली माणसं खाली पडली, त्यातली काही परत घरी आली नाहीत. मुंब्रा म्हणजे आपल्या पुढचंच स्टेशन. हे तिला घाबरवण्यासाठी सांगू नकोस, पण लपवूही नकोस. तिसरी गोष्ट, चढता आलं नाही तर सोडायची गाडी. लेक्चर बुडालं तर बुडू दे, घरी कोणी रागावणार नाही, हे तुमच्या दोघांच्या तोंडून तिनं स्पष्ट ऐकलेलं असलं पाहिजे. पोरं जिवावर उदार होऊन गाडीला लटकतात ती पुष्कळदा घरच्या आणि सरांच्या बोलण्याच्या धास्तीनं.

पास कन्सेशनचा मिळतो. कॉलेजचं ऑफिस कन्सेशनचा फॉर्म देतं; सुरुवातीच्या दिवसांत तिथे रांग असते, तोवर साधं तिकीट काढायचं, विनातिकीट एक दिवससुद्धा नाही. पासवर घर ते कॉलेज एवढाच मार्ग असतो. कॉलेज ठाण्याला आणि क्लास मुलुंडला असला तर मधलं तिकीट वेगळं. एवढ्याशा गोष्टीवरून टीसीनं पकडलं की पोरं दहा लोकांत रडकुंडीला येतात.

आणि पाऊस. प्रवेशाच्या फेऱ्या लांबतात, वर्ग भरतात ते ऐन पावसाळ्यात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, गाड्या थांबल्या, फोन लागेनात, आणि कितीतरी मुलांनी रात्र कॉलेजात आणि गाडीतच काढली. तेव्हापासून आमच्या घरात नियम आहे: पावसानं गाड्या बंद झाल्या तर जिथे छप्पर आहे तिथेच थांबायचं. रुळांतून चालत निघायचं नाही. ठाण्यातलं एक घर, मुलुंडातलं एक घर आधीच ठरवून ठेवायचं, त्या घरच्यांनाही सांगून ठेवायचं, आणि दोन्हीकडचे फोन नंबर कागदावर लिहून पासच्या पाकिटात घालायचे. मोबाइलची बॅटरी संपते, कागद संपत नाही. रेल्वेची मदत १३९ वर मिळते, तोही नंबर त्याच कागदावर.

कागदपत्रांचं सांगते, कारण त्या खिडकीतून मी सर्वांत जास्त रडणं ह्याच कारणानं पाहिलं. शाळा सोडल्याचा दाखला मूळ कॉलेजात जमा होतो आणि तिथेच राहतो, म्हणून देण्याआधी त्याच्या भरपूर झेरॉक्स काढ आणि मोबाइलमध्ये स्वच्छ स्कॅन ठेव. आधार, गुणपत्रिका आणि बँकेचं पासबुक, तिन्हीवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, ते आजच बघ. कुठे ‘एस’च्या पुढे ‘एच’ आहे, कुठे नाही. कुठे वडिलांचं नाव मधे, कुठे शेवटी. नंतर शिष्यवृत्तीचे पैसे खात्यावर येताना हेच आडवं येतं. खातं तिच्या नावाचं, आधारशी जोडलेलं. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांकडून, ‘आपले सरकार’वरून अर्ज करता येतो. जातीच्या दाखल्यावर पुढे इंजिनिअरिंग-मेडिकलला जायचं असेल तर जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत कर. बारावीचा निकाल लागल्यावर पळापळ करणारे पालक मी इतके पाहिलेत! आजोबांच्या शाळेचा जुना दाखला गावाहून आणायला दोन-दोन महिने जातात.

मुलीच्या आईनं आणखी एक माहीत ठेवावं. जुलै २०२४ मध्ये शासनानं निर्णय काढला, त्यानुसार आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र सरकारी केंद्रीभूत फेरीतून झालेला हवा, व्यवस्थापन कोट्यातून नाही. मुलाला शिकवू, मुलीला बघू, असं अजूनही बोलणारी घरं कळव्यात आहेत, आपल्या नात्यातसुद्धा आहेत. त्यांना हा निर्णय समोर बसवून वाचून दाखव.

आता अभ्यासाकडे येते, कारण तुझी लेक मराठी शाळेतली. अकरावी सायन्सला गेली की सगळं एकदम इंग्रजीत. हुशार पोरं पहिल्या महिन्यात मागच्या बाकावर जाऊन बसतात, हात वर करेनाशी होतात. घरी वाटतं कॉलेजची हवा लागली, अभ्यास सुटला. तसं काही नसतं. तिला विषय येत असतो, फक्त तो समोरून नव्या कपड्यांत येतो. ह्याला उपाय सोपा आणि फुकटचा आहे. दहावीच्या निकालानंतर प्रवेश होईपर्यंत जे आठवडे मोकळे मिळतात, त्यांत तिला इंग्रजी माध्यमाची दहावीची विज्ञानाची दोन्ही पुस्तकं आणि गणिताची दोन्ही वाचू दे. बालभारतीच्या संकेतस्थळावर ती मोफत मिळतात. धडे तिला पाठच आहेत, त्यामुळे शब्द आपोआप बसतात. रोज दोन पानं मोठ्यानं वाचायची. तू स्वयंपाक करताना ऐक. तुला नाही कळलं तरी ऐक, आणि मधेच विचार, ‘म्हणजे काय गं?’ तुला समजावता समजावता तिचं पक्कं होतं.

पहिल्या चाचणीचे मार्क आले की छाती धडधडणार आहे, त्याची तयारी आताच कर. दहावीची टक्केवारी सहातल्या सर्वोत्तम पाच विषयांवर काढतात, आणि प्रत्येक विषयात वीस गुण शाळेच्या हातात असतात. अकरावीच्या लेखी चाचणीत तो आधार नसतो, अभ्यासक्रम एकदम खोल होतो. नव्वदीतली पोरगी पन्नाशीत येते. ती खालावलेली नसते, पट्टी बदललेली असते. त्या दिवशी घरात शेजारच्या पोराचं नाव निघता कामा नये. जावईबापूंना वाटलं तरी त्यांना डोळ्यांनी थांबव. पेपर मागून घ्या, तिघांनी बसून बघा, कुठे गेलं. मग सरांना कोण भेटणार? ती. तिला धीर होत नसेल तर तू बरोबर जा, पण बोलायचं तिनं.

‘इंटिग्रेटेड’ म्हणून एक प्रकार हल्ली जोरात आहे. कॉलेजात नाव, बसायचं क्लासमध्ये. मला तो मुळीच पटत नाही. विज्ञानात लेखी सत्तर आणि प्रात्यक्षिक तीस. ते तीस प्रयोगशाळेत उभं राहूनच मिळवायचे असतात, जर्नल वेळच्या वेळी तपासून घ्यायचं असतं. शिवाय पंधरा वर्षांच्या मुलीला कॉलेज हवं असतं ते लायब्ररीसाठी, कट्ट्यासाठी, एखाद्या एकांकिकेच्या तालमीसाठी, एनएसएससाठी. दिवसभर एका खोलीत एमसीक्यू सोडवून ती माणूस म्हणून कुठे वाढणार? हजेरीकडे मात्र लक्ष ठेव. डिफॉल्टर लिस्ट लागते ती आधी बोर्डावर लागते, घरी नंतर कळते. महिन्यातून एकदा तिला सहज विचार, ‘हजेरी किती भरली?’ तपासणीच्या सुरात नको.

पैसे महिन्याच्या एक तारखेला एकरकमी दे. तिकीट, झेरॉक्स, कँटीन, सगळं त्यात. रुपयारुपयाचा हिशेब मागू नकोस. महिनाअखेर पुरले का नाही एवढंच विचार. पहिले दोन महिने वीस तारखेलाच संपतील. तेव्हा लगेच भर घालायची नाही, घरचा डबा असतोच. फीची पावती मात्र तिच्या हातात दे, वाचू दे. आपल्या घरात काय झेपतं आणि काय नाही हे लपवलेल्या घरांतली पोरं मैत्रिणींच्या वाढदिवसाच्या पार्ट्यांत अडकतात. माहीत असलेली पोरं सरळ ‘नाही जमणार’ म्हणतात.

आणि आता तो मंत्र, जो तुझ्या आजीचा, म्हणजे माझ्या आईचा. आमची आई स्वतः चौथीपर्यंत शिकलेली. अप्पा बेलापूर रोडवरच्या कंपनीत शिफ्टला. आम्हा भावंडांपैकी जो कोणी ठाण्याहून कॉलेज करून कळव्यात, खारेगावात घरी यायचा, त्याच्या हातात ती आधी पाण्याचा तांब्या द्यायची, मग ताट वाढायची, आणि अर्धी पोळी पोटात गेल्याशिवाय एक अक्षर विचारायची नाही. ‘आधी पाणी, मग ताट, मग प्रश्न,’ असं ती सुनांना सांगायची. ह्याच्यात फार मोठं शहाणपण आहे गं. दारातच ‘काय झालं आज?’ विचारलं की ‘काही नाही’ हेच उत्तर येतं. खाऊन झाल्यावर, तू भांडी आवरत असताना, तुझी पाठ तिच्याकडे असताना, ती आपण होऊन बोलेल. कदाचित तीन दिवसांपूर्वीचं बोलेल. वर्गात कोणी कपड्यांवरून हसलं ते सांगेल, कुणा मुलानं नंबर मागितला ते सांगेल. तेव्हा हातातलं काम तसंच चालू ठेव. वळून तोंडाचा आ करू नकोस, लगेच ‘उद्यापासून बाबा सोडायला येतील’ म्हणू नकोस. एकदा तसं झालं की पुढचं ती सांगायचीच नाही.

मैत्रिणींची नावं पाठ कर. गणपतीला सगळ्यांना जेवायला बोलाव, मुलांनाही. कोण कुठून येतं, कोणाच्या घरी काय आहे, ते मोदक वाढता वाढता कळतं. मोबाइल तपासण्यापेक्षा हे कितीतरी खात्रीचं.

काही गोष्टींत मात्र थांबायचं नाही. जेवण तुटलं, झोप उडाली, रोजची गाडी विनाकारण बदलली, कॉलेजचं नाव काढलं की पोटात दुखायला लागलं, असं आठवड्याच्या वर चाललं तर वर्गशिक्षकांना भेटा. छळाचा संशय असेल तर महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे, आणि १८००-१८०-५५२२ ही देशभराची मदतवाहिनी आहे. मनाचं ओझं असेल तर १४४१६ वर टेलि-मानसचे लोक बोलतात, फुकट, मराठीतही. तिथे फोन केला म्हणजे पोर वेडी ठरत नाही, हे आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना मी सांगेन, ते काम माझ्याकडे दे.

शेवटची गोष्ट दिवाळीच्या आसपास येईल. बहुतेक घरांत येते. ती म्हणेल, ‘आई, मला सायन्स नको.’ त्या रात्री हो नाही आणि नाही पण नाही. ‘बरं, सुट्टीत बसू’ म्हण. आणि सुट्टीत खरंच बस. नको आहे ते काय, इंग्रजी, की एखादे सर, की प्रवास, की खरोखरच विषय, हे वेगवेगळं करून तिलाच लिहायला सांग. इंग्रजी आणि प्रवास ह्यांना औषध आहे. विषयच नको असेल तर जावईबापूंना हे समजव की विज्ञान शिकलेल्याला पुढे कला किंवा वाणिज्यात जाता येतं. वाणिज्यातून इंजिनिअरिंगला जाता येत नाही. तेव्हा बारावी करून मग वळायचं, की आत्ताच, हा निर्णय घाईचा नाही, पण तो तिचा आहे. बदलाचे नियम कॉलेजच्या ऑफिसात तिनंच विचारून यायचे, खिडकीपाशी उभं राहून. आणि हे सगळं बोलणं तिच्या समोर करा, तिच्या पाठीमागे मला फोन लावून नको. मावशीआजीला सांगायचं असेल तेव्हा ती येईल की इकडे, दोन गल्ल्या सोडून तर घर आहे माझं.